छताखालची जमीन

माणदेशात कुणी दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस उभारायला घेतले की बोलणे पाइपपासून सुरू होते. पाइप किती जाडीचा, गटर किती उंच, कागद २०० मायक्रॉनचा की हलका, बाजूचे पडदे हाताने गुंडाळायचे की मोटरवर. सरकारी मोजमापही सांगाड्याचेच असते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात २०१४-१५ मध्ये खर्चाच्या निम्मे अनुदान आणि लाभार्थीमागे ४,००० चौरस मीटरची मर्यादा ठेवली गेली, तीही छताखाली किती जागा येते यावर. ठेकेदार शेवटचा नट आवळून निघून जातो तेव्हा आत उरते ती जुनी रानाची जमीन. तिचे काय करायचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पदरात पडतो आणि घाईने सुटतो. रोपांची ऑर्डर आधीच दिलेली असते.

म्हसवडसारख्या ठिकाणी ही घाई फार महाग पडते. माणगंगेच्या काठचे हे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. थोडे पुढे गेले की सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका लागतो. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण तालुक्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास समाधान मानावे लागते आणि वाईट वर्षी तेवढाही मिळत नाही. शेजारचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून हाती घेतला गेला, यावरून इथल्या अवर्षणाचे वय कळते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबरच्या निरभ्र रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. जमीन माळावर मुरमाड आहे. हातभर खोदले की कातळ लागतो. नदीकडेला काळी माती आहे, पण ती चुनखडीची.

हरितगृहाची जमीन कशी असावी, यावर थंड देशांत भरपूर लिहिले गेले आहे. तिथला शत्रू ठरलेला असतो, तो म्हणजे गोठलेली जमीन. म्हणून जमिनीखाली फोमच्या लाद्या घाला, वर काँक्रीट ओता आणि आतली ऊब खाली जाऊ देऊ नका, असा सल्ला मिळतो. कॅनडात तो बरोबरच आहे. म्हसवडला तो जसाच्या तसा उचलला तर पैसे खर्चून नुकसान विकत घेतल्यासारखे होईल, कारण इथे खालची जमीन शत्रू नाही. ऊन असो वा थंडी, पॉलिहाऊसला फुकटात मदत करणारी तीच एक गोष्ट आहे. त्रास होतो तो बाजूने आणि वरून.

पेवातले तापमान

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे होती. वीस फुटांच्या आसपास खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशा या मातीच्या खोल्यांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५च्या महापुरात पाणी शिरून त्यांपैकी अनेक खचली. ज्वारीसाठी अशीच लहान पेवे दुष्काळी भागातल्या गावांतही असत. हवा कोंडलेली, माती कोरडी आणि तापमान बारमाही जवळजवळ सारखे, या तिन्हींच्या जोरावर माल टिकत असे. पॉलिहाऊसला उपयोगी पडतो तो यातला तिसरा मुद्दा.

उन्हाची उष्णता मातीत सावकाश उतरते. दिवसरात्रीचा चढउतार पृष्ठभागावर जेवढा असतो, त्याचा साधारण तिसरा हिस्सा दहा-बारा सेंटिमीटर खोलीवर उरतो. हातभर खोलीवर तो नावापुरताच राहतो. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जास्त खोल जातो, पण दोन-तीन मीटरवर त्याचीही धार बोथट होते. तिथली माती वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ राहते, म्हणजे आपल्याकडे पंचवीस-सत्तावीस अंशांच्या आसपास. भर मे महिन्यात ती हवेपेक्षा बरीच थंड असते आणि डिसेंबरच्या पहाटे बरीच गरम.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. त्यातल्या फक्त वरच्या दहा सेंटिमीटर ओल्या मातीचे तापमान दिवसा पाच अंशांनी वाढले आणि रात्री तेवढेच उतरले, तर रात्रीतून पॉलिहाऊसमध्ये सुमारे ३५० युनिट वीज जाळल्याइतकी उष्णता मोकळी होते. माती कोरडी असेल तर हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, कारण उष्णता साठवण्याचे बरेचसे काम मातीतले पाणी करते. हिवाळ्यात संध्याकाळी गादीवाफ्यात ओल असणे पिकाच्या तहानेइतकेच पहाटेच्या थंडीसाठीही महत्त्वाचे आहे. साधा पॉलिथिनचा कागद रात्री जमिनीची उष्ण प्रारणे बऱ्याच प्रमाणात बाहेर जाऊ देतो. ती अडवणारा थर्मिक कागद वेगळा मिळतो. पण कागद कोणताही असला तरी अडवायला आधी जमिनीत काहीतरी साठलेले हवे.

ही गोष्ट मोजून पाहण्याचे मोठे काम पुण्यात झाले आहे. हवामान खात्यातले एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये आत्मनाथन यांच्यासह एक विचित्र वाटणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते. ती काही सेंटिमीटर ते हातभर वर असते. जमिनीला लागून असलेली हवा तिच्यापेक्षा किंचित गरम असते. पाठ्यपुस्तके तेव्हा उलटे सांगत होती, त्यामुळे बरीच वर्षे हे निरीक्षण मोजमापातली चूक मानले गेले. पुढे ते पक्के ठरले आणि हवेचा तो थर आज जगभर रामदास यांच्या नावाने ओळखला जातो. वीतभर उंचीच्या कोवळ्या रोपाचा शेंडा नेमका त्याच थंड थरात येतो, हे रोपवाटिकावाल्यांनी लक्षात ठेवावे.

खोल मातीतली ही शिदोरी मुद्दाम वर आणण्याचा प्रयोग कच्छमध्ये झाला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. गिरजा शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोठारा या गावी हरितगृहाखाली दोन आणि तीन मीटर खोलीवर नळ्या पुरल्या आणि पंख्याने आतली हवा त्यांतून फिरवली. हिवाळ्याच्या रात्री नऊ अंशांपर्यंत उतरलेले तापमान अर्ध्या तासात बावीस-तेवीस अंशांवर आले. म्हसवडच्या माळावर मात्र तीन मीटर खोल चर म्हणजे ब्रेकरने कातळ फोडणे आले, आणि दहा गुंठ्यांच्या पिकाला तो खर्च झेपत नाही. नदीकडेच्या खोल मातीत कुणी हा विचार करू शकेल. बाकीच्यांनी निदान एवढे करावे की आपल्या पिकात आणि खालच्या मातीत फोमचा किंवा काँक्रीटचा पडदा उभा करू नये.

कडेचा चर

उष्णता अडवायची खरी जागा पॉलिहाऊसची कड ही आहे. उन्हाळ्यात बाहेरची उघडी, कोरडी जमीन तापते आणि ती उष्णता बाजूने आत सरकते. हिवाळ्यात आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. कडेचा वाफा आतल्या वाफ्यांपेक्षा नेहमी मागे का राहतो, याचे एक कारण हे आहे. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये कडेचा हिस्सा एकूण क्षेत्राच्या मानाने थोडा असतो. पाच-दहा गुंठ्यांत मात्र तो डोळ्याआड करण्याइतका लहान राहत नाही.

उत्तर चीनमधले भाजीपाला उत्पादक यावर चराचा उपाय करतात. त्यांच्या हरितगृहांना उत्तरेकडे जाड मातीची भिंत असते आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा ते एक मीटर खाली असते. दक्षिणेच्या उघड्या कडेला अर्धा मीटरभर खोल चर खणून त्यात पेंढा भरतात आणि वर प्लास्टिक झाकतात. लडाखमध्ये लेहच्या संरक्षण संशोधन संस्थेने खंदकातल्या हरितगृहांचा प्रसार केला, त्यामागचे तत्त्व हेच आहे: बाजू मातीच्या कुशीत ठेवा आणि वरून ऊन घ्या.

म्हसवडला जमीन खाली नेणे नको. पाऊस कमी पडत असला तरी पडतो तेव्हा धो धो पडतो आणि खोलगट पॉलिहाऊसचे तळे होते. चर मात्र इथेही घेता येतो. बाजूचा कागद पुरण्यासाठी कडेने नाहीतरी खणावेच लागते. तोच खड्डा वीतभर रुंद आणि दीड-दोन फूट खोल घ्यायचा. मुरूम लागला तर टिकावाने, पक्का कातळ लागला तर जिथवर जाईल तिथवर. आतल्या बाजूला जाड प्लास्टिक सोडायचे, मध्ये उष्णता अडवणारा थर उभा करायचा, प्लास्टिक वरून दुमडायचे आणि तोंडाशी चार बोटे मुरूम दाबायचा. बाहेरच्या बाजूला जमिनीला उतार द्यायचा, म्हणजे छतावरचे पाणी चरात न उतरता लांब जाईल.

चरात काय भरायचे, हे खिशावर आणि घुशींवर अवलंबून आहे. दोन इंची थर्मोकोलच्या लाद्या सर्वांत सोप्या. भाताचे तूस स्वस्त, पण ते मावळपट्ट्यातून आणावे लागते आणि त्यात पुढे उंदीर घर करतात. गव्हाच्या भुश्श्याला वाळवी लागते. कडब्याचा विचारही कुणी करणार नाही; २०१२-१३ आणि २०१९ मध्ये चारा छावण्यांत जनावरे जगवलेल्या तालुक्यात कडबा जमिनीत पुरणे म्हणजे खिल्लारांच्या तोंडचा घास काढणे. माणदेशात मुबलक असलेली आणि आता फारशी किंमत न येणारी वस्तू म्हणजे दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर. उष्णता अडवण्यात ती थर्मोकोलच्या जवळ जाते, पण तिला कसर लागते आणि ओल लागली की ती कुजते. बंद पिशव्यांत घट्ट भरली तरच तिचा विचार करावा.

यातले काहीही भरले तरी एक अट पाळावी लागते: थर कोरडा राहिला पाहिजे. हे सारे पदार्थ उष्णता अडवतात ते आपल्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता वीसपट सहज वाहू लागते आणि चर असून नसल्यासारखा होतो.

वरचे पांघरूण

जमिनीचा पृष्ठभाग झाकला की आतली ओल टिकते, हे दुष्काळी महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. रब्बी ज्वारीत कोळपे चालवून वरची दोन बोटे माती भुसभुशीत करायची आणि भेगा बुजवायच्या, हा जुना रिवाज. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतातच. मांजरीला १९२३ पासून आणि सोलापूरला १९३३ पासून एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरडवाहू शेतीचे शास्त्र बांधले. जमिनीतले किती पाणी पिकाला मिळते आणि किती नुसतेच हवेत उडून जाते, याची मोजदाद हा त्या कामाचा गाभा होता. वरचा सुटा, कोरडा थर खालच्या ओलीचे वर चढणे तोडतो आणि उन्हालाही अडवतो. पॉलिहाऊसमध्ये नेमके हेच हवे असते. फक्त तिथे कोळपे फिरवायला जागा नसते आणि झिरपणारे पाणी ठिबकच्या तोटीतून रोज येत असते.

याच कामासाठी स्पेनच्या अल्मेरियाने वाळू वापरली. तो प्रदेश म्हसवडपेक्षाही कोरडा. वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मूळ जमीन खडकाळ आणि पाणी खारट. १९५०च्या दशकात तिथल्या सरकारी वसाहत खात्याने एका पद्धतीचा प्रसार सुरू केला. जमिनीवर बाहेरून आणलेल्या चिकण मातीचा वीतभर थर, त्यावर दोन सेंटिमीटर शेणखत, आणि सर्वांत वर दहा सेंटिमीटर जाड वाळू. रोपाची मुळे खत आणि माती जिथे भेटतात तिथे पसरतात. वाळूच्या मोठ्या कणांतून पाणी खाली सहज जाते, पण वर चढू शकत नाही. त्यामुळे बाष्पीभवन घटते आणि पाण्याबरोबर वर येणारे क्षारही पृष्ठभागावर साचत नाहीत. दर तीन-चार वर्षांनी वाळू पट्ट्यापट्ट्याने बाजूला ओढायची, खाली नवे शेणखत घालायचे आणि वाळू परत पसरायची. काम कष्टाचे आहे. पण १९६३ मध्ये या वाळूवर पहिला प्लास्टिकचा कागद चढला आणि आज त्या एका प्रांतात तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन प्लास्टिकखाली आहे.

माणगंगेची वाळू मात्र या कामी हिशेबात धरू नये. उपशावर निर्बंध आहेत आणि पात्रात वाळू राहिली तरच काठच्या विहिरींना पाणी राहते. तिच्याऐवजी खडी क्रशरवरची क्रश सँड चालते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. तिच्यातली बारीक पूड चाळून काढलेली असावी, नाहीतर पाणी पडताच ती सिमेंटसारखी बसते. दुसरी गोष्ट रंगाची. काळ्या पाषाणाची कच काळपट असते आणि ऊन पिते.

पृष्ठभागाच्या रंगाने किती फरक पडतो, हेही पुण्यातच दाखवून झाले आहे. १९३०च्या दशकात रामदास आणि द्रविड यांनी काळ्या मातीवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर पसरला आणि खालच्या मातीचे तापमान उघड्या मातीशी ताडून पाहिले. पांढऱ्या थराखालची माती स्पष्टपणे थंड राहिली. जाडी नगण्य, काम फक्त ऊन परतवण्याचे. आज जे काम चंदेरी-काळ्या मल्चिंग पेपरने होते, त्याची ही आधीची पायरी. चंदेरी बाजू वर ठेवली की ऊन परतते, ते पानांच्या खालच्या बाजूलाही मिळते आणि मावा-फुलकिडे काहीसे बिचकतात. काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही. वाफ्यांमधल्या वाटांवर उसाचे पाचट पसरणेही चांगले. ते साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून येते आणि जनावरे ते फारसे खात नाहीत. फक्त पाचट वाफ्याच्या कुशीला लावू नये, कारण ओलसर पाचटाखाली गोगलगायी आणि बुरशी दोन्ही सुखाने राहतात.

माती आणायची तर

जरबेरा, कार्नेशन, ढोबळी मिरची ही पिके किंचित आम्ल, भुसभुशीत मातीत रमतात. जरबेऱ्याला सामू साडेपाच ते साडेसहा लागतो. नदीकडेच्या काळ्या मातीचा सामू आठच्या घरात जातो, ती चिकट असते आणि तिच्यातला चुना लोह-जस्त रोपाला मिळू देत नाही. म्हणून तांबडी माती आणण्याचा रिवाज पडला.

ती किती लागते, याचा अंदाज आधी घ्यावा. गादीवाफा तळाशी एक मीटर, माथ्यावर नव्वद सेंटिमीटर आणि उंचीला पंचेचाळीस सेंटिमीटर, दोन वाफ्यांत अर्धा मीटर वाट. या मापाने दहा गुंठ्यांत साधारण २८५ घनमीटर मिश्रण जाते, म्हणजे सुमारे शंभर ब्रास. त्यात शेणखत, तूस किंवा कोकोपीट यांचा वाटा वजा केला तरी मातीच्या गाड्यांची रांग लागते, आणि गौण खनिजाची परवानगी लागते ती वेगळीच. वाफ्याची उंची पाच इंचांनी कमी करून तळाच्या मुरमाची दीड फूट खोल नांगरट केली, तर पंचवीस-तीस ब्रास माती वाचू शकते. मुरमाड तळ हा तसाही दोष नाही. पाणी निचरायला त्यासारखा तळ नाही आणि मुळांच्या खाली त्याची गरज असतेच.

आणलेल्या मातीबरोबर न मागितलेले पाहुणेही येतात. ढोबळी मिरचीचे पिवळे पडलेले झाड उपटून पाहावे. तंतुमुळांवर खसखशीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराच्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची करणी. द्विदल पिकांच्या मुळांवरची जिवाणूंची गाठ बोटाने चोळली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच फुगलेला भाग असल्यामुळे मूळ तुटते, पण ती सुटत नाही. पॉलिहाऊसमध्ये वर्षभर ओल, ऊब आणि एकच पीक मिळत असल्याने ही कीड बाहेरच्या शेतापेक्षा कितीतरी वेगाने वाढते.

यावर फॉर्मेलिन ओतून सात दिवस झाकण्याची पद्धत चालत आली आहे. ते डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढावे लागते. पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यात या दुसऱ्या अटीनेच बेत फसतो. म्हसवडकडे मात्र दुसरे हत्यार आहे. इस्रायलच्या याकोव्ह काटान यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की भर उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून काही आठवडे ठेवले, तर उन्हाच्या तापानेच मातीतल्या अनेक बुरशा मरतात. एप्रिल-मे मध्ये वाफे भिजवायचे, पारदर्शक कागद मातीला चिकटेल असा ताणून कडा पुरायच्या, पॉलिहाऊसचे पडदे बंद करायचे आणि चार ते सहा आठवडे थांबायचे. कागद काळा नको, तो स्वतःच तापतो आणि माती थंड राहते. माती भिजलेली असणे आवश्यक आहे, कारण ओल्या मातीतून उष्णता खोल जाते आणि ओलीत जीव लवकर मरतात. सूत्रकृमी खोल उतरून बसतात, म्हणून त्या पूर्ण जात नाहीत. त्यानंतर निंबोळी पेंड आणि उपयुक्त बुरशी देण्याची जोड लागते. पिकाचे कॅलेंडर आखताना उन्हाळ्यातला हा महिना-दीड महिना रिकामा ठेवला तरच हे जमते. जरबेरा तीन वर्षे उभा राहतो, त्याच्यासाठी ही संधी लागवडीआधी एकदाच मिळते.

मातीशी संबंध तोडताना

काही वेळा जमिनीपासून फारकत घेणेच शहाणपणाचे असते. सूत्रकृमी हाताबाहेर गेल्या असतील, जमीन क्षारांनी बिघडली असेल किंवा धंदा रोपवाटिकेचा असेल, तर मुळांनी मातीला शिवूच नये.

रोपवाटिकेत ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे जमिनीवर मांडले की तळाच्या भोकातून मुळे खाली उतरतात आणि मर रोगासकट परत वर येतात. ट्रे दोन फूट उंच स्टँडवर ठेवले तर भोकाशी आलेले मूळ हवेत सुकते आणि आत नवी तंतुमुळे फुटतात. खालची जमीन अशी करावी: मुरूम पसरून पाणी मारून दबाई, शंभर फुटांत फूटभर उतार, त्यावर वीड मॅट, आणि मॅटवर तीन इंच खडी. दुपारी खडीवर पाणी शिंपडले की ते उडताना हवा थंड करते. पायाखाली चिखल होत नाही आणि शेवाळ धरत नाही. संपूर्ण जमिनीवर कोबा करण्याचा मोह टाळावा. उन्हात तापलेला कोबा उन्हाळ्यात रात्रभर धग देत राहतो आणि म्हसवडला उन्हाळ्याच्या रात्री ती कुणालाच नको असते. काँक्रीट लागते ते मधल्या गाडीवाटेला, खताच्या टाक्यांखाली आणि पॅकिंगच्या जागेला.

कोकोपीटच्या पिशव्यांत पीक घ्यायचे तर जमिनीकडून अपेक्षा वेगळ्या होतात. पिशवीत माध्यम थोडे असते, त्यामुळे ते झटकन तापते आणि झटकन निवते. थंड देशांत पिशवीखाली थर्मोकोल घालतात, कारण खालून थंडी येते. म्हसवडला मे महिन्याच्या दुपारी खालची सावलीतली जमीन हवेपेक्षा थंड असते आणि ती पिशवीतली उष्णता ओढून घेते. थर्मोकोल त्याच वेळी तिला अडवतो. तेव्हा इथे मोठा फरक पडतो तो पिशवीचा वरचा भाग पांढरा असण्याने आणि दोन्ही बाजूंनी पानांची सावली लवकर धरण्याने. थर्मोकोल घालायचाच असेल तर तो उताराची पातळी साधायला आणि निचऱ्याचे पाणी नालीकडे न्यायला. हिवाळ्यातले महागाचे पीक असेल तर मात्र हिशेब उलटतो.

हॉलंडमध्ये मातीची जागा दगडी लोकरीने घेतली. डेन्मार्कमध्ये १९६९च्या सुमारास तिच्यावर रोपे वाढवण्याचे प्रयोग सुरू झाले. बेसाल्ट सुमारे दीड हजार अंशांवर वितळवून त्याचे तंतू काढतात. एरवी भिंती-छपरांत उष्णता अडवायला वापरतात तोच पदार्थ मुळांचे घर बनला. म्हसवडच्या माळाखाली पसरलेला काळा पाषाण हा बेसाल्टच आहे. पण तो वितळवायला लागणारी ऊर्जा आणि वापरून झालेल्या लाद्यांचा वाढता ढीग पाहता कोकोपीट आपल्याकडे जास्त परवडते. ते निदान शेवटी शेतात कुजवता येते.

येणारे पाणी

आतापर्यंतचा सगळा हिशेब कोरड्या जमिनीचा झाला. तो बदलतो आहे. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडी आणि माणच्या बाजूला चढले आहे, तर उरमोडी आणि जिहे-कठापूरचे पाणीही दुष्काळी गावांकडे येत आहे. पाणी आले की बागा वाढतील, पॉलिहाऊसही वाढतील. आणि कालव्याच्या खालच्या अंगाच्या शेतांत भूजलाची पातळी हळूहळू वर येईल.

कृष्णाकाठच्या वाळवा-मिरज भागात हे घडून गेले आहे. पाणी अमाप दिले गेले, निचरा झाला नाही आणि उसाच्या रानांवर पांढरे क्षार फुलले. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या क्षारपड जमिनींवर काम केले आहे. उपाय म्हणून तिथे शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकून साचलेले पाणी बाहेर काढायला सुरुवात केली. उघड्या शेतात हे खर्चिक असले तरी शक्य असते, कारण यंत्र आत जाऊ शकते. पॉलिहाऊसमध्ये एकदा खांब उभे राहिले, वाफे झाले आणि ठिबक पसरले की तेच काम म्हणजे सारे उपटून पुन्हा सुरुवात करणे.

म्हणून काळ्या किंवा मध्यम जमिनीवर नवे पॉलिहाऊस उभारणाऱ्याने सांगाड्याचे खड्डे घेताना त्याच जेसीबीने दोन-तीन चर जास्त मारून घ्यावेत. खोली मीटरभर, उतार बाहेरच्या नाल्याकडे. चरात जाळी गुंडाळलेला सच्छिद्र पाइप, त्याच्याभोवती बारीक खडी आणि वर निघालेली माती. पाइपचे तोंड पॉलिहाऊसबाहेर उघडे ठेवून त्यावर उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी बसवावी. सध्या त्यातून पाण्याचा थेंबही येणार नाही. ज्या पावसाळ्यात ते तोंड पहिल्यांदा ओले दिसेल, त्या वर्षी त्या पाण्याची क्षारता तपासून घ्यावी आणि ठिबकची वेळ पुन्हा बसवावी.